खोपटची नऊ मिनिटं

मला माझ्या नवऱ्याचा मोबाईल नंबर पाठ नव्हता, आणि त्याची शिक्षा म्हणून माझ्या मनगटावर घड्याळ आलं.

झालं असं, की चार वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी सकाळी पळायला गेले होते. फोन घरीच ठेवायचे मी तेव्हा. पळताना अंगावर काही नसावं, एक किल्ली तेवढी असावी, असं माझं मत होतं. हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक सुटलेला पेव्हर ब्लॉक पायाखाली हलला आणि घोटा मुरगळला. असा मुरगळला की उठता येईना. एका दूधवाल्याने टेम्पो थांबवला, आपला फोन माझ्या हातात दिला, आणि मी त्या फोनकडे बघत बसले. मला पाठ असलेला एकच नंबर होता, माहेरच्या लँडलाइनचा, आणि तो बंद होऊन दहा वर्षं झाली होती. तिकडे नवरा स्कूटर घेऊन उपवनच्या तळ्याभोवती घिरट्या घालत होता, कारण मी रोज तळ्याकडेच जाते अशी त्याची समजूत होती. चाळीस मिनिटांनी मी रिक्षाने घरी पोचले तेव्हा तो रडला. मी रडले नव्हते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पंधरा दिवसांत पळणाऱ्यांचं घड्याळ घरात आलं. फोन कमरेच्या पट्ट्यात ठेवायचा, घड्याळ मनगटावर बांधायचं, आणि मग मी जिथे असेन तिथे घरच्यांच्या स्क्रीनवर एक निळं टिंब सरकत राहणार. माझ्यामागे एक निळी रेघ ओढली जाणार. नवऱ्याने अट घातली नाही, विनंती केली. विनंतीला नाही म्हणणं अटीला नाही म्हणण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून मी घड्याळ बांधलं.

सुरुवातीला मला त्याची गंमतच वाटायची. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीच्या फाटकात उभं राहायचं, घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं, मग निघायचं. मैदानाच्या बाजूने रेघ अगदी सुतासारखी यायची. पण पुढे टॉवर लागले की तिचं ताळतंत्र सुटायचं. उंच इमारतींच्या भिंतींवर सिग्नल आपटून येतात म्हणे, आणि घड्याळाला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. माझ्या रेघेने लोकांच्या स्वयंपाकघरांतून, पाण्याच्या टाक्यांवरून, एकदा तर सरळ नाल्यातून धाव घेतली. हायवेच्या पुलाखाली मी एक किलोमीटर अडीच मिनिटांत पळाल्याची नोंद आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने असा वेग धरला असता तर पेपरात फोटो आला असता.

नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मापं तपासतो. तिथल्या प्रत्येक मोजपट्टीवर, प्रत्येक गेजवर, ते शेवटचं कधी तपासलं त्याचा स्टिकर असतो आणि स्टिकरची तारीख उलटली की ते माप त्याच्या लेखी मेलेलं असतं. पण घरातल्या घड्याळावर त्याने डोळे झाकून विश्वास ठेवला. रोज सकाळी तो माझ्या रेघेचा नकाशा आमच्या घरच्या ग्रुपवर टाकायचा. लोक फुलांचे फोटो टाकतात, सुविचार टाकतात. हा बायकोचे साडेसहा किलोमीटर टाकायचा. त्याला माझा अभिमान होता, हे मला मान्य आहे. पण तो अभिमान सोफ्यावर बसून चालायचा. कुठे वेग कमी झाला, कुठे वळण चुकलं, हे उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं तो मला संध्याकाळी सांगायचा.

मग दोन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या. त्या तेव्हा डोंबिवलीत एकट्या राहायच्या. बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे आल्या. मी एका शाळेच्या ऑफिसात होते, ती नोकरी मी सोडली. कुणी सोड म्हणालं नाही. सगळे गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यातच काय ते ठरलं.

सासूबाई अडतीस वर्षं कल्याणच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. वाचणाऱ्या, स्वच्छ बोलणाऱ्या, कुणावर ओझं होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणाऱ्या. फक्त एका बाबतीत त्या अडून बसल्या. बाथरूमला न्यायचं ते मीच. सकाळी सव्वासहाला त्यांना जाग येई, मुलगा त्यांना धरून खुर्चीत बसवी, तिथवर चाले. पुढे मुलाने न्यायचं नाही. त्याने पहिल्या आठवड्यात सांगून पाहिलं की आई, त्यात काय आहे, हॉस्पिटलात वॉर्डबॉय नेत होताच. त्या म्हणाल्या, तो माझा मुलगा नव्हता. मदतनीस मावशी यायच्या नऊला. म्हणजे मी पळून परत येईपर्यंत त्या धरून बसत. डायपर, भांडं, सगळे उपाय सुचवून झाले. त्या नुसत्या मान हलवत.

तेव्हापासून टॅब त्यांच्या मांडीवर आला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या माझं टिंब बघायच्या. टिंब खोपटला पोचलं की अर्धं झालं. टिंब हायवे ओलांडून आलं की आता पंधरा मिनिटं. त्या कधी तक्रार करायच्या नाहीत. मी दारातून आत आले की टॅब बाजूला ठेवायच्या आणि हात पुढे करायच्या. मी बूट न काढताच त्यांना घेऊन जायचे.

सांगायचं ते आता सांगते.

मी खोपटला थांबायचे. एसटीच्या डेपोसमोर एक नवा उंच टॉवर झालाय, त्याच्या भिंतीला लागून फूटपाथ आहे. तिथून परत फिरायचं असा माझा रस्ता. पहिल्यांदा थांबले ती बुटाची नाडी बांधायला. समोर एक बस सुटत होती. कंडक्टर दारात उभा राहून गावाचं नाव घेत होता, एक बाई दोन पिशव्या आणि एक कुंडी घेऊन धावत होती, ड्रायव्हर तिच्यासाठी थांबला होता. मी नाडी बांधून झाल्यावरही उभी राहिले. दुसऱ्या दिवशी नाडी सुटली नव्हती तरी थांबले. दोन मिनिटांची चार झाली, चाराची सात, आणि वर्षभराने माझी नऊ मिनिटं ठरून गेली. मला कुठल्या बसमध्ये बसायचं नव्हतं. मला गावाला जायचं नव्हतं. मला फक्त घरी जायचं नव्हतं. दिवसभरात ती एवढीच जागा होती जिथे मी कुणाची कुणी नव्हते आणि कुणी मला विचारत नव्हतं की किती वेळ लागेल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हातारी बाई तिकडे जीव मुठीत धरून बसली आहे हे मला तेव्हा ठाऊक होतं का? होतं. मी उभी राहायचे.

लफडं सुरू झालं ते नणंदेमुळे. ती डोंबिवलीला राहते, मनाने वाईट नाही, पण तिला नकाशे मोठे करून बघायची सवय. एका सकाळी तिने ग्रुपवर माझ्या रेघेचा खोपटचा तुकडा मोठा करून टाकला. डेपोसमोर रेघेचा एक गुंता झाला होता, दोऱ्याचा गुंडा करतात तसा, आणि तो गुंता रस्त्यावर नव्हताच. टॉवरच्या मागच्या गल्लीत एका लॉजवर होता, लॉजच्या नावाच्या अगदी डोक्यावर. खाली तिने लिहिलं होतं, वहिनी इथे रोज काय करते? आणि पुढे हसणारा चेहरा. मग कुणीतरी मागचे नकाशे उघडले. रोज तोच गुंता होता, जवळपास त्याच जागी, नऊ मिनिटांचा.

त्या दिवशी ग्रुप एकदम शांत झाला. आमच्या घराण्यात शांतता ही फार बोलकी गोष्ट आहे.

नवऱ्याने माझ्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर भांडता आलं असतं. त्याने संध्याकाळी डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले आणि कारखान्यात एखादा नट मापाबाहेर गेल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाला, "हे जरा क्लिअर करून टाकू या. म्हणजे विषय संपला."

मी म्हटलं, काय क्लिअर करायचं? मी तिकडे कधी गेलेलेच नाही. गल्ली कुठे आहे ते पण मला माहीत नाही. तो म्हणाला, माहीत आहे गं. पण लोकांना दाखवायला काहीतरी हवं ना. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, त्या घड्या मी पुन्हा मोडल्या आणि पुन्हा घातल्या. वीस वर्षांच्या संसारानंतर माझा शब्द नकाशाशी ताडून बघायचा होता, आणि ते ताडून बघणारा माणूस माझ्याच बाजूचा होता. मला फार राग आला होता.

रविवारी आम्ही दोघं खोपटला गेलो. त्याने माझं घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं, खिशात मोजपट्टी, वही आणि खडू. मला म्हणाला, नेमकी जागा दाखव. मी भिंतीजवळची जागा दाखवली. त्याने फूटपाथवर खडूने फुली मारली, तिच्यावर दोन्ही पाय जुळवून उभा राहिला आणि घरी फोन लावला. स्पीकरवर सासूबाईंचा आवाज आला. टॅब त्यांच्या मांडीवर होताच. नवऱ्याने विचारलं, आई, मी कुठे दिसतोय?

मग त्या म्हणाल्या, "लॉजमध्ये गेलास की रे तू."

तो इतका हसला की डेपोच्या फाटकातला सिक्युरिटी गार्ड बघायला लागला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणत त्याने तीनदा तोच प्रयोग केला, कारण एकदा घेतलेलं माप त्याच्या लेखी मापच नसतं. तिन्ही वेळा टिंब त्या लॉजच्या आसपासच पडलं. पुढे चौकात, मोकळ्या आभाळाखाली नेलं की शहाण्यासारखं जागेवर यायचं. त्याने सगळं वहीत लिहिलं, फुलीचा फोटो काढला आणि तिथूनच ग्रुपवर टाकला. नणंदेने हात जोडलेले पाठवले. साप साप म्हणून सगळ्यांनी भुई धोपटली, साप निघालाच नाही, आणि विषय संपला.

वही बंद करताना त्याने सहज विचारलं, पण तू इथे थांबतेस का? मी म्हटलं, दम घ्यायला. त्याने फोनवर घड्याळाने मोजलेल्या माझ्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढला, बोट फिरवलं आणि म्हणाला, दम तर तुझा दोन मिनिटांतच खाली येतो, मस्तच आहे. मग आम्ही वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

मला वाटलं, सुटले. आणि खरंच, पुढचे दोन महिने ती नऊ मिनिटं मला पूर्वीपेक्षा जास्त मोकळी वाटली. आता सगळ्या घराला माहीत होतं की खोपटला घड्याळ वेडं होतं. तिथे काय दिसेल त्याला अर्थ नाही, असं माझ्या नवऱ्याने सप्रमाण सिद्ध केलं होतं. जगाच्या नकाशावर माझ्यापुरती एक जागा अशी होती जिथे मी कुठे आहे ते कुणालाच नीट कळत नव्हतं. मी बारा मिनिटंसुद्धा थांबले एकदा.

पण ज्या माणसाला चूक सापडते, त्याला ती चूक तशीच ठेवून झोप लागत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला नवं घड्याळ आलं. हे उपग्रहांचं बोलणं एकाच वेळी दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकतं, त्यामुळे भिंतीवरून आपटून आलेला खोटा सिग्नल त्याला ओळखता येतो, असं त्याने मला केक कापायच्या आधी समजावलं. दोन-तीन मीटरच्या वर चूक नाही. आता कुणाच्या बापाची बोलायची टाप नाही, असंही म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. मी नवीन पट्टा बांधला, माझ्या मनगटाला तो घट्ट होता, एक भोक सैल केलं.

दुसऱ्या दिवशीच्या रेघेला नाव ठेवायला जागा नव्हती. मी कुठल्या बाजूच्या फूटपाथवरून गेले, रस्ता कुठे ओलांडला, खड्डा चुकवायला कुठे वाकडी झाले, सगळं दिसत होतं. पुलाखालीसुद्धा ती हलली नाही. आणि खोपटला, टॉवरच्या भिंतीला अगदी चिकटून, एक लहानसा घट्ट ठिपका. नऊ मिनिटं. नवरा म्हणाला, बघ, फुलीवर आलंय बरोबर. त्याला त्यात फक्त फुली दिसली.

चार-पाच दिवस गेले. एका सकाळी मी परत आले, सासूबाईंना घेऊन आत गेले. त्या दिवशी त्यांना फार घाई झाली होती. दारापर्यंत पोचायच्या आत थोडं झालंच. मी त्यांना बसवलं, कोमट पाणी काढलं, पाय धुतले. त्यांची पावलं लहान आहेत, मुलीसारखी. त्या भिंतीवरचा दांडा धरून बसल्या होत्या आणि मी खाली बसून त्यांच्या टाचा पुसत होते. डोक्यावरून त्यांचा आवाज आला, वर्गात बोलत असाव्यात तसा, हळू आणि स्पष्ट.

"जुन्या घड्याळात तू तिथे अडकलीस की मला वाटायचं, घड्याळच बिघडलंय. ही पळतेच आहे, येतेच आहे. आता तसं वाटत नाही गं."

माझा हात थांबला. मी वर बघितलं नाही. दम घेते म्हणून सांगणार होते? त्यांच्याकडेही टॅब होता, त्यांनाही ठोके दिसत होते. डेपोसमोर उभं राहून पिशव्या घेऊन धावणाऱ्या बायका बघण्यासाठी मी त्यांना रोज नऊ मिनिटं धरून ठेवत होते, आणि त्या वर्षभर ते घड्याळाच्या माथी मारून मला सोडवत होत्या. मला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. आणि लाजेच्या खाली, खोटं कशाला बोलू, रागही होता. एवढी एक जागा होती, तीही यांनी पाहिली.

मी म्हटलं, "चुकलं माझं, आई."

"चुकलं कुठे? मीसुद्धा शाळा सुटल्यावर थांबायची. सगळ्यांचे डबे, सासऱ्यांची औषधं, सगळं ठाऊक असून स्टाफरूममध्ये बसून राहायची. पंखा बघत." त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला, उठायला की कशाला ते कळलं नाही. "तू थांबत जा. दहा मिनिटं थांब. मी आता आधीच हिशेब धरून ठेवीन. रात्री पाणी कमी पिते."

मी त्यांना उभं केलं, पातळ बदललं, खुर्चीत बसवलं. नवरा बाहेरून म्हणाला, माझी बस येईल, चहा झाला का? मी चहा टाकला.

त्या रात्री जेवताना मी पाहिलं. त्यांनी गोळ्या घेतल्या त्या अर्ध्या घोटावर. तांब्या भरलेलाच राहिला. नवरा म्हणाला, आई, पाणी पी की. त्या म्हणाल्या, नको रे, पुरे झालं. मी तांब्या त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी तो हळूच परत सरकवला आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी मी खोपटला पोचले तेव्हा उजाडलं होतं. भिंतीजवळ जाऊन उभी राहिले. आज मला कुणाला चोरून उभं राहायचं नव्हतं. मला दहा मिनिटं मिळाली होती, रीतसर, त्यांच्या तोंडून. समोर एक बस लागलेली होती, लोक चढत होते, कंडक्टर काहीतरी ओरडत होता. मला त्यातलं काहीच दिसेना. मला कोरड्या तोंडाने खुर्चीत बसलेली एक बाई दिसत होती, जिने माझ्यासाठी आदल्या रात्री पाणी सोडलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटंही झाली नव्हती. चोरलेली नऊ मिनिटं मी वर्षभर सुखाने खाल्ली होती, आणि दिलेली दहा मला गिळता येईनात.

मी वळले आणि पळत सुटले.

दार उघडून आत गेले तेव्हा सासूबाई टॅबकडे न बघता माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, थांबली नाहीस. ते विचारणं नव्हतं. मी मान हलवली. तुम्ही धरून बसलेल्या असताना मला आता कुठेही थांबता येणार नाही, आणि हे तुम्ही प्रेमाने केलंत म्हणून तुमच्यावर चिडताही येणार नाही, हे सगळं मला म्हणायचं होतं. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "चला."